पाव मिलिग्रॅमचा हिशेब

तापावर आपण घेतो त्या पॅरासिटामॉलच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम औषध असतं. डिगॉक्सिनच्या नेहमीच्या गोळीत असतं ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन हजारपट कमी. तरीही हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाच्या डब्यात सर्वांत जास्त जपायची गोळी कुठली असेल, तर हीच. पॅरासिटामॉलची एखादी गोळी जास्त गेली तर सहसा काही बिघडत नाही. डिगॉक्सिन मात्र आठवडाभर चुकून दुप्पट गेलं, तर म्हाताऱ्या माणसाला थेट आयसीयूत न्यावं लागू शकतं.

हे औषध जुनं आहे. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातली एक वृद्ध बाई अंगावर पाणी साठण्याच्या आजारावर गुप्त काढा देत असे. १७७५ मध्ये त्या काढ्याबद्दल डॉ. विल्यम विदरिंग यांचं मत विचारण्यात आलं. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणातली गुणकारी वनस्पती म्हणजे जांभळ्या फुलांची फॉक्सग्लव्ह, हे त्यांनी ओळखलं आणि दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवून १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. फसलेले उपचारही त्यांनी त्यात लपवले नाहीत. मळमळ, उलट्या, मंदावलेली नाडी, सगळं पिवळं-हिरवं दिसणं ही जास्त मात्रेची लक्षणं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवली आणि यातलं पहिलं लक्षण दिसताच औषध थांबवा, असं बजावलं. त्याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीतून शुद्ध डिगॉक्सिन वेगळं काढलं गेलं ते १९३० मध्ये.

हृदयाच्या स्नायूच्या प्रत्येक पेशीवर एक रासायनिक पंप असतो. तो आतलं सोडियम बाहेर टाकतो आणि बाहेरचं पोटॅशियम आत ओढतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डिगॉक्सिन यातले काही पंप बंद पाडतं. मग सोडियम आत साठतं, त्यामुळे कॅल्शियमची बाहेर जायची वाट अडते आणि वाढलेल्या कॅल्शियममुळे स्नायू जोरात आकुंचन पावतो. शिवाय हे औषध ठोक्यांची गती कमी करतं. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या आणि हृदयाचे ठोके सुसाट, अनियमित पडणाऱ्या रुग्णांत म्हणूनच ते आपल्याकडे अजून टिकून आहे. पण पंप गरजेपेक्षा जास्त बंद पडले, तर तेच कॅल्शियम ठोक्यांची लय बिघडवतं.

आता पोटॅशियमचं महत्त्व पाहा. पंपावर डिगॉक्सिन जिथे चिकटतं, तिथेच पोटॅशियमलाही बसायचं असतं. ही संगीत खुर्चीच आहे. रक्तात पोटॅशियम कमी झालं की खुर्च्या रिकाम्या राहतात आणि औषधाचे तेवढेच रेणू जास्त पंप अडवतात. पायावरची सूज आणि दम कमी व्हावा म्हणून याच रुग्णांना ‘लघवीची गोळी’ सुरू असते, आणि फ्युरोसेमाइडसारख्या त्या गोळीने लघवीवाटे पोटॅशियम निघून जातं. खोकल्यावर घराघरांत होणारा ज्येष्ठमधाचा काढा रोज बरेच दिवस घेतला तर त्यानेही पोटॅशियम उतरतं. काढा घरगुती आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं, आणि इथेच घात होतो.

मला या औषधाबद्दल सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की गोळी तीच राहते, घेणारं शरीर मात्र बदलत जातं. डिगॉक्सिन बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं चांगली असतील तर शरीरातलं निम्मं औषध जायला दीड-दोन दिवस लागतात, ती थकली असतील तर चार-पाच दिवसही लागतात. साठाव्या वर्षी सोसलेली मात्रा पंच्याहत्तरीत जड होते. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात उन्हाने अंगातलं पाणी आटलं, किंवा दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या, की मूत्रपिंडांचं काम मंदावून रक्तातलं क्रिएटिनिन चढतं, औषध आत साठत जातं आणि लघवीची गोळी मात्र नेहमीप्रमाणे पोटात जात असते. अशा दिवसांत ‘गोळ्या चालू आहेत ना’ एवढी चौकशी पुरत नाही, डॉक्टरांना फोन करून रक्ततपासणीबद्दल विचारावं लागतं.

नव्या गोळीनेही हिशेब बदलतो. ठोक्यांच्या लयीसाठी दिलं जाणारं अमिओडॅरोन सुरू झालं तर रक्तातलं डिगॉक्सिन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं, म्हणून डॉक्टर मात्रा सहसा निम्मी करतात. वेरापामिलनेही पातळी वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन हे साधं घशा-छातीचं अँटिबायोटिकही तोच परिणाम करतं. अँटिबायोटिकची आणखी एक गोष्ट फार रंजक आहे. साधारण दहातल्या एका माणसाच्या आतड्यात ‘एगर्थेला लेंटा’ हा जिवाणू बरंचसं डिगॉक्सिन निष्क्रिय करून टाकतो. अशा माणसाची मात्रा या पाहुण्याचा वाटा धरूनच बसलेली असते. अँटिबायोटिकने तो मेला की तीच मात्रा अचानक जास्त होते. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांकडे साध्या सर्दीसाठी गेलात तरी डिगॉक्सिनचं नाव सांगा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी दुखण्यावरची गोळी तर आणूच नका. ती मूत्रपिंडांवर ताण आणते आणि हृदयाच्या कमकुवतपणातही भर घालते.

विषबाधेची पहिली लक्षणं फार साधी असतात. जेवण नकोसं वाटतं, मळमळतं, थकवा येतो. आपल्या घरात यावर निदान ठरलेलं आहे, ‘पित्त झालंय’. मग पित्ताचं पातळ औषध, आल्याचा रस, उपास असं सुरू होतं आणि गोळी मात्र इमानाने चालूच राहते. वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर त्याचा दोष वयाला दिला जातो. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याची भूक अचानक गेली, तर आधी या गोळीचा संशय घ्या. दिव्याभोवती कडं दिसणं, पिवळसर दिसणं, नाडी नेहमीपेक्षा खूपच मंद होणं किंवा मधेच अडखळणं यांपैकी काही दिसलं, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला. चक्कर, बेशुद्धी किंवा ठोक्यांची जोराची गडबड असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

आपल्याकडे अनेक चिठ्ठ्यांवर ही गोळी आठवड्यातून पाच दिवस घ्यायची असं लिहिलेलं असतं. त्यामागे आठवड्याची एकूण मात्रा कमी ठेवण्याचा हेतू असतो. सुट्टीचे दोन दिवस घरातल्या एकानेच सांभाळावेत, कॅलेंडरवर खूण करावी. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आणि हे वाचून घाबरून कोणी गोळी स्वतःहून बंदही करू नये. १९९३ मधल्या एका अभ्यासात स्थिर असलेल्या रुग्णांचं डिगॉक्सिन काढून घेतलं, तेव्हा त्यांचा हृदयविकार बळावला होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६,८०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत या औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत, पण हृदय कमकुवत झाल्याने रुग्णालयात जाण्याची वेळ कमी आली. दम लागून रात्री उठून बसणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

कुंपणाला लावतात त्या पिवळ्या फुलांच्या बिट्टीत आणि कण्हेरीत डिगॉक्सिनच्या जातीचीच विषं असतात. ‘हृदयाला चांगली’ म्हणून कोणी त्यांचं काही सांगितलं तर ऐकू नका, कारण एका पानात वा बीमध्ये किती विष आहे ते बाहेरून कळत नाही. तसंच डिगॉक्सिनच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच जागी, कुलपात ठेवा. पाव मिलिग्रॅमच्या थोड्याशा गोळ्यासुद्धा बाळाच्या जिवाला पुरतात.

रक्तातल्या डिगॉक्सिनची तपासणी करता येते. पूर्वी मिलिलिटरला दोन नॅनोग्रॅमपर्यंत चालतं असं मानत, आता हृदयाच्या कमकुवतपणात ०.५ ते ०.९ एवढीच पातळी राखायचा प्रयत्न असतो. त्या १९९७ च्या चाचणीतल्या पुरुष रुग्णांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा १.२ च्या वर पातळी असलेल्यांत मृत्यू जास्त आढळले होते. या तपासणीला वेळ महत्त्वाची आहे. गोळी घेतल्यावर पहिले काही तास औषध रक्तातच जास्त असतं, पेशींपर्यंत पोचलेलं नसतं. त्यामुळे सकाळी गोळी घेऊन लगेच लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा फुगलेला येतो आणि लागू पडलेलं औषध विनाकारण बंद होऊ शकतं. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, किंवा गोळी आणि तपासणी यांत किमान सहा तास जाऊ द्या. आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, ते लॅबच्या कागदावर लिहून घ्या.