पियानोची धून बासरीच्या ओठी

फ्रेंच संगीतकार क्लोद दब्यूसी याने १९१० साली पियानोसाठी बारा छोट्या रचनांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यातील आठव्या रचनेचे नाव मोठे गमतीचे आहे : ‘जवसाच्या रंगाचे केस असलेली मुलगी’. अशा तरल संगीताला चित्रकलेवरून ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणतात. खुद्द दब्यूसीला मात्र हे नाव मुळीच आवडत नसे. ही रचना आज बासरी व पियानो अशा जोडीवरही वाजवली जाते. येथे बासरी म्हणजे आपली वेळूची नव्हे. धातूच्या नळीची, चाव्या असलेली पाश्चात्त्य बासरी.

पियानोच्या कागदावरची वरची ओळ बासरीवाल्यापुढे ठेवली की काम झाले, असे तुम्हाला वाटेल. पण येथे पदार्थविज्ञान आडवे येते.

पियानोची पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. त्यानंतर तारेला नवी ऊर्जा मिळत नाही. म्हणजे स्वर जन्मतःच विरू लागतो आणि वादकाला तो पुन्हा फुगवता येत नाही. बासरीत फुंक चालू असेपर्यंत ऊर्जा मिळत राहते. सतार आणि बाजाची पेटी यांत जो फरक, तोच हा.

आता या रचनेचा आरंभ पाहा. साथ नाही, स्वरमेळ नाही, एकटी धून. पहिला स्वर थोडा रेंगाळतो आणि मग छोटे स्वर खाली उतरतात. पियानोवर तो पहिला स्वर तोवर फिका झालेला असतो, म्हणून पुढचे स्वर हलके वाटतात. बासरीवर तोच स्वर एकसारख्या जोराने धरला तर तो जड होऊन बसतो. म्हणून वादकाला फुंक हळूहळू कमी करावी लागते. पण फुंकीचा वेग घटला की स्वरही किंचित उतरतो! पियानो त्याच्यासाठी खाली येणार नाही. तेव्हा ओठांची ठेवण व फुंकीची दिशा बदलून स्वर सावरायचा, ही खरी कसरत.

दुसरा प्रश्न पट्टीचा. ही धून सुमारे ५५४ हर्ट्‌झवर सुरू होऊन ३११ हर्ट्‌झपर्यंत उतरते. बासरीचा सर्वांत खालचा स्वर किती? तिच्या मुखरंध्रापासून टोकापर्यंतची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर असते. परंतु दोन्ही टोकांपाशी हवेचा स्तंभ थोडा बाहेर डोकावत असल्याने ती ६६ सेंटिमीटर असल्यासारखी वागते. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीत लांबीच्या दुप्पट तरंगलांबी बसते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून भागाकार करा : ३४५ ÷ १.३२ = सुमारे २६१. म्हणजे धून बासरीत मावते, पण तिच्या तळाशी, जेथे आवाज मऊ आणि दुबळा असतो. काही जण म्हणून धून एक सप्तक वर नेतात. मग ती स्पष्ट ऐकू येते खरी, पण वरच्या स्वरांत उपस्वर थोडे असल्याने रंग पालटतो. आरंभी पियानो गप्पच असतो. तेव्हा तेथे तरी धून मूळ जागी ठेवणे मला योग्य वाटते.

पियानोच्या उजव्या पायपट्टीचा मुद्दा याहून सुरेख आहे. ती दाबली की तारांवरचे सगळे दाबक उचलले जातात आणि एक तार वाजताच तिच्याशी जुळणाऱ्या इतर तारा आपोआप कंप पावतात. सतारीच्या तरफा अशाच झंकारतात. दब्यूसीच्या संगीताचे धुके बरेचसे या अनुस्पंदनातून येते. धून बासरीकडे गेली म्हणजे त्या तारेवर हातोडी पडत नाही. मग धुके विरळ होणार. पण पूर्ण नाहीसे होत नाही. शाळेत पियानो असेल तर त्याचे झाकण उघडा, ती पायपट्टी दाबून ठेवा आणि आत तोंड करून मोठ्याने ‘आ’ म्हणा. तुम्ही थांबल्यावर तारा तोच स्वर परत ऐकवतील. उघड्या पियानोजवळ उभ्या असलेल्या बासरीवाल्यालाही त्या असेच हलके उत्तर देतात.

शेवटी हवामान. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटरने वाढतो आणि बासरी अर्ध्या स्वराच्या पाव हिश्श्याहून थोडी अधिक चढते. म्हणून वादक आधी फुंकून नळी गरम करतो, पियानोशी स्वर ताडून पाहतो आणि तोंडाकडचा भाग किंचित बाहेर ओढून नळी लांबवतो.