ढालीवरचा मुलूख

इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या एक्झिटर विद्यापीठाचे मानचिन्ह म्हणजे एक ढाल. तिच्यावर तीन बुरुजांचा सोनेरी किल्ला, पांढऱ्यावर हिरवा क्रूस, सोनेरी कडांचे पुस्तक आणि काठाने पंधरा सोन्याची नाणी आहेत. सोबत लॅटिन ब्रीदवाक्य आहे, ‘आम्ही प्रकाशामागे चालतो’ अशा अर्थाचे. अशा चिन्हांकडे आपण पदवीच्या कागदावरची शोभा म्हणून पाहतो. पण यातले पुस्तक आणि ब्रीद सोडले तर एकही खूण संस्थेची स्वतःची नाही. किल्ला एक्झिटर शहराचा, क्रूस प्लिमथचा, नाणी कॉर्नवॉलच्या डचीची. माझ्या मते या उसन्या खुणाच चिन्हाचा खरा मजकूर आहेत. आपण कोणत्या मुलखाचे देणे लागतो, हे संस्थेने त्यांतून जाहीर केले आहे.

जुन्या महाविद्यालयांची रीत वेगळी होती. केंब्रिजच्या ख्राइस्ट्स आणि सेंट जॉन्स या दोन्ही कॉलेजांच्या ढालींवर लेडी मार्गारेट बोफर्ट यांच्या घराण्याची चिन्हे आहेत, कारण दोन्हींची स्थापना त्यांच्या दानातून झाली. एक्झिटरची सुरुवात मात्र १८५५ची कलाशाळा आणि १८६३ची विज्ञानशाळा अशा स्थानिक वर्गांतून झाली. १९२२ मध्ये त्यांतून ‘नैऋत्य इंग्लंडचे युनिव्हर्सिटी कॉलेज’ आकाराला आले. स्वतःच्या पदव्या नव्हत्या. विद्यार्थी लंडन विद्यापीठाच्या परीक्षा देत. विद्यापीठाची सनद मिळाली ती थेट १९५५ मध्ये. जिथे कोणा एका दात्याचे घराणे नव्हते, तिथे त्याची जागा प्रदेशाने घेतली.

यावर पहिला आक्षेप असा की या खुणा सामान्य माणसाच्या नाहीतच. किल्ला म्हणजे रूजमाँट, आणि तो विजेत्याने बांधला. १०६८ मध्ये एक्झिटरने इंग्लंड जिंकणाऱ्या राजा विल्यमला विरोध केला, वेढा पडला, शहर शरण आले आणि त्यावर वचक ठेवायला लाल खडकाच्या टेकडीवर हा किल्ला उभा राहिला. कॉर्नवॉलची डची तर राजपुत्राची जहागीर. नाणी तेराव्या शतकातल्या रिचर्ड या कॉर्नवॉलच्या अर्लच्या ढालीपर्यंत मागे नेता येतात. त्याच्याही ढालीच्या काळ्या काठावर अशीच सोन्याची वर्तुळे होती. आक्षेपातला इतिहास खरा आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. चिन्हाचा धनी बदलतो. दहशतीसाठी बांधलेल्या किल्ल्याचे चित्र पुढे नागरिकांनी आपल्याच शहराची ओळख म्हणून मिरवले, आणि पंधरा नाण्यांकडे कॉर्नवॉलचे लोक आज आपल्या प्रांताची खूण म्हणून पाहतात. कॉलेजने या खुणा उचलल्या त्या शहराच्या आणि प्रांताच्या म्हणून.

दुसरा आक्षेप असा की कोणत्याही चित्राला मागाहून हवा तो अर्थ चिकटवता येतो. सैल चित्राच्या बाबतीत ते खरे आहे. पण इंग्लंडमध्ये मानचिन्हे देण्याचा अधिकार १४८४ पासूनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे आणि तिथे चिन्ह आधी शब्दांत बांधले जाते: वस्तू कोणती, किती, कुठे, कोणत्या रंगाची. कॉर्नवॉलच्या ढालीवर काळ्यावर पंधरा सोनेरी नाणी असताना, शेजारच्या एक्झिटरमध्ये नेमकी पंधराच यावीत, तीही सोनेरी, हा योगायोग मानणे कठीण आहे.

सर्वांत टोकदार आक्षेप प्लिमथचा आहे. त्या शहराला १९९२ मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळाले. मग एक्झिटरच्या ढालीवर त्याचा क्रूस कशाला? तो काढू नये असे मला ठामपणे वाटते. ढालीवर प्रदेश लिहिला की त्या प्रदेशाला हिशेब मागता येतो. दात्याच्या घराण्याचे चिन्ह मिरवणाऱ्या कॉलेजकडे असा हिशेब मागायला आधार नसतो. कॉर्नवॉलपुरते बोलायचे तर उत्तर फार उशिरा मिळाले. १९९३ मध्ये कॅम्बोर्नचे खाणकाम विद्यालय एक्झिटरमध्ये विलीन झाले आणि २००४ मध्ये पेन्रिनजवळ नवा परिसर सुरू झाला. खाणकामाचे ते विद्यालयही आता तिथेच, कॉर्नवॉलच्याच भूमीवर चालते.