केबल तोडण्याआधी मराठी मोजा

महिन्याची दहा तारीख उलटली की केबलवाल्याची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते. हॉर्न वाजतो. घरातली बाई पदराला हात पुसत बाहेर येते.

"मावशी, ह्या महिन्यापास्नं वीस रुपये वाढलेत बघा."

"पुन्हा वाढले? अरे, आम्ही बघतो ती चार चॅनेलं. बाकीची शंभर कुणासाठी रे?"

"कंपनीचं पॅकेज असतंय मावशी. माझ्या हातात काय नाही."

हा संवाद उचगावात होतो, येळ्ळुरात होतो, खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत होतो, तसाच निपाणीच्या पेठेतही होतो. वीस रुपये द्यायचे नाहीत असे नव्हे. पण एखाद्या महिन्यात उसाचे बिल थकलेले असते, शाळेची फी भरायची असते, आणि रात्री जेवताना घरातले कुणीतरी बोलून जाते, "काढूनच टाका ती केबल. मोबाईल आहे की."

काढून टाकायला हरकत काहीच नाही. पैसा घामाचा आहे. पण सीमाभागातल्या मराठी घराने केबल काढण्याआधी आणखी एक हिशेब करावा, एवढेच सांगण्यासाठी हा लेख. तो हिशेब आम्ही आमच्या घरी उशिरा केला.

आजीची मालिका, नातवाची भूक

दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर आम्ही केबल बंद केली. पावती साडेतीनशे रुपयांची, म्हणजे वर्षाचे बेचाळीसशे. तेवढ्यात दोन मुलांची दप्तरे, वह्या आणि पावसाळी चपला होतात. शेजाऱ्यांच्या स्लॅबवर फुकटची छत्री बसली होती, तशीच आम्हीही बसवली. महिन्याचे भाडे शून्य. आम्ही खूश झालो.

आईची रात्रीची मालिका मात्र गेली. ती काही बोलली नाही. आठ वाजले की "जरा जाऊन येते" म्हणून शेजारी जायची आणि साडेआठला परत यायची. आम्हाला वाटले, गप्पा मारायला जाते.

सहा-सात महिन्यांनी एके संध्याकाळी पहिलीत जाणारा नातू चुलीपाशी आला आणि म्हणाला, "आजी, जल्दी दे ना, बहुत भूख लगी." आई हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

तो कन्नड शाळेत जातो. कन्नड तो वर्गात शिकतो, गल्लीत पोरांबरोबर बोलतो, आणि ते त्याला यायलाच हवे. ज्या मातीत राहायचे तिथली भाषा आली नाही तर पोटाला मिळणार कसे? कन्नडाबद्दल आमची तक्रार नाही. पण मराठी त्याला कुठे मिळायची? घरात आजीच्या तोंडून, आणि आजीच्या मांडीवर बसून बघितलेल्या मालिकेतून. त्यातला एक दरवाजा आम्हीच साडेतीनशे रुपयांसाठी बंद केला होता. छत्रीवर मराठी नव्हती असे नाही. पण हिंदी कार्टून आणि हिंदी सिनेमांच्या गर्दीत ती दोन-चार बटणे शोधून लावणार कोण? पोरगा जे आधी दिसेल ते लावायचा.

पडद्यावरची मराठी आली कशी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची वाटणी झाली आणि आपली गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोग आला, त्याचा अहवाल १९६७ साली आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या काळात फलक बदलले, सात-बाराचे उतारे बदलले, एसटीच्या पाट्या बदलल्या. मराठी राहिली ती घरात, देवळातल्या भजनात, वाचनालयात, आणि कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांच्या मांडवात.

पडदा नंतर आला. आधी स्लॅबवर चढून अँटेना फिरवायची आणि खाली ओरडून विचारायचे, "आलं काय?" मग केबल आली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली, तीच पुढे झी मराठी झाली. २००० साली ई टीव्ही मराठी आली, तिचे नाव २०१५ पासून कलर्स मराठी आहे. २००८ साली स्टार प्रवाह आली. दूरदर्शनच्या मुंबई केंद्राची वाहिनीही २००० सालापासून सह्याद्री या नावाने ओळखली जाऊ लागली. कुणाची परवानगी न घेता, कुठला अर्ज न करता रोज संध्याकाळी मराठी आपल्या घरात येऊ लागली. बेळगावच्या गल्लीतल्या बाईला पुण्यातल्या बाईइतकीच मालिकेतल्या सासूची चीड येऊ लागली. वरवर पाहता ही लहान गोष्ट आहे, पण सीमेवरच्या माणसाला ती लहान वाटत नाही.

पुढे घरोघरी पेट्या बसल्या. गावांसाठीची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. चित्र स्वच्छ झाले, पण वाहिन्यांची गाठोडी बांधली गेली. ती बांधताना बहुधा राज्य बघितले जाते, घरातली भाषा नव्हे. म्हणून आपल्याकडे गाठोड्यात मराठी दोन-तीन असते, आणि बाकीची हवी तर 'वरचे पैसे' द्या असे ऐकायला मिळते.

नियम काय सांगतो

यावर ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा नियम आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक पैशाच्या वाहिनीला स्वतःची छापील किंमत आहे आणि ग्राहकाला ती एकटी, सुटी मागता येते. वाण्याकडे किलोभर डाळ मागितली तर तो पोतेच घ्या म्हणू शकत नाही, तसेच हे. १९ रुपयांपेक्षा जास्त किंमत असलेली वाहिनी गाठोड्यात घालता येत नाही.

सुट्या वाहिन्यांवर एक मूळ शुल्क असते. त्याची कमाल मर्यादा १३० रुपये होती. २०२४ साली ती मर्यादा काढली गेली, म्हणून आपल्या केबलवाल्याचा आकडा विचारून घ्यावा. त्याने १३० च ठेवला असेल तर १८ टक्के जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे होतात. त्यात फुकट दिसणाऱ्या वाहिन्या येतात. वर प्रत्येकी १९ रुपयांच्या दोन मराठी वाहिन्या घेतल्या असे धरा, तर करासह ४४ रुपये ८४ पैसे. एकूण १९८ रुपये २४ पैसे. साडेतीनशेच्या जागी दोनशेच्या आत. वर्षाला अठराशे रुपये वाचले आणि आजीची मालिकाही राहिली.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या प्रत्येक केबलचालकाने दाखवल्याच पाहिजेत, आणि त्या यादीत सह्याद्रीही आहे. तुमच्या पेटीवर ती सापडत नसेल तर क्रमांक विचारा. तो सांगितला गेला नाही तर लेखी मागा. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, कागद राहतो.

गावचा केबलवाला ऐकतच नसेल तर खाजगी कंपनीची डीटीएच छत्री हा दुसरा मार्ग. तिथेही वाहिन्या सुट्या निवडता येतात आणि मराठीचे वेगळे गाठोडे मिळते. नवी जोडणी देणारा आधी कर्नाटकाचे गाठोडे पुढे करील. आपण मराठीचे मागायचे. मागितले नाही तर कुणी देत नाही.

छत्रीचे तोंड कुठे?

आता फुकटच्या छत्रीविषयी. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री, पेटी आणि वायर मिळून साधारण दीड-दोन हजार रुपये एकदाच जातात, नंतर महिन्याला काही नाही. पेटी घेताना एमपेग-४ ची घ्यावी. जुन्या पद्धतीच्या पेटीवर कमी वाहिन्या दिसतात.

छत्री बसवताना आमच्याकडे एक गंमत झाली. ज्या उपग्रहावरून ही सेवा येते तो पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. बेळगावातून बघितले तर छत्रीचे तोंड आग्नेयेला, बरेच वर करावे लागते. बसवणारा पोरगा होकायंत्र धरून म्हणाला, "काका, ही बरोबर बंगळूरच्या दिशेला तोंड करून बसली की!" खरेच होते. बंगळूरकडे तोंड करून बसलेली छत्री मुंबईची सह्याद्री आणून देत होती, आणि त्याच तारेतून बंगळूरची चंदनाही. आकाशात कुणी सीमा आखलेली नाही.

पण फुकटच्या छत्रीची मर्यादाही ओळखावी. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या पैशाच्या वाहिन्या तिच्यावर नसतात. सह्याद्री कायमची आहे. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, झी चित्रमंदिर अशा वाहिन्याही तिच्यावर दिसल्या आहेत. पण खाजगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, आणि आज दिसते ते उद्या दिसेलच असे नाही. मार्च २०१९ मध्ये चार मोठ्या समूहांच्या हिंदी वाहिन्या एकदम निघून गेल्या, २०२० मध्ये परतल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. हिंदीच्या मोठ्या बाजारात असे होते, मग मराठीचे काय? म्हणून छत्री घेण्याआधी ज्याच्या घरी ती आहे तिथे बसून, आज मराठी किती दिसते ते स्वतः मोजून यावे.

मोबाईल आहे की!

तिसरी वाट मोबाईलची. २०१६ नंतर नेट स्वस्त झाले आणि पोरांनी टीव्हीकडे पाठ फिरवली. झी मराठीच्या मालिका झी ५ वर असतात. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टार या एकाच ठिकाणी आल्या. त्यांची वर्गणी लागते, पण काही रिचार्जमध्ये ती आतच धरलेली असते, म्हणून रिचार्ज करताना दुकानदाराला विचारावे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात वेव्ह्ज नावाचे ॲप सुरू केले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट बघता येतात. सह्याद्रीचे जुने कार्यक्रम यूट्यूबवरही सापडतात.

कुणी 'सगळे फुकट' म्हणून अनोळखी लिंक पाठवली तर मात्र ती उघडू नये. तो चोरीचा माल असतो, आणि ज्या मोबाईलवर बँकेचे खाते आहे त्यात चोराला घरात घेण्यासारखे आहे.

मोबाईलचा खरा तोटा पैशाचा नाही. टीव्ही घर बघते, मोबाईल एकटा माणूस बघतो. आजी एका कोपऱ्यात, नातू दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोघांच्या कानात वेगवेगळी भाषा. शिवाय आपण जे बघू तेच मोबाईल पुन्हा पुढे करतो. चार दिवस हिंदी बघितले की पाचव्या दिवशी मराठी दिसेनाशी होते. म्हणून ॲप उघडताच भाषेच्या यादीत मराठीवर खूण करावी आणि पोरांच्या मोबाईलवरही ती करून द्यावी. कामाला एक मिनिट लागते.

आमच्या घरचा शेवट

आम्ही काय केले? एका रविवारी जेवणानंतर सगळे बसलो आणि कागदावर लिहिले, कोण काय बघते, कोणत्या भाषेत. आईच्या दोन वाहिन्या, बायकोची त्यातलीच एक, आमच्या बातम्या, नातवाची कार्टूने. शंभरांतल्या पाच निघाल्या. केबलवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "सुटं कोण घेत नाही ओ काका." आम्ही कागदावर पाच नावे लिहून, खाली सही करून त्याच्या हातात दिली. आठ दिवस लागले, दोन खेपा झाल्या, पण जोडणी मिळाली. आज पावती दोनशेच्या आत आहे.

फुकटची छत्री काढून आम्ही गल्लीतल्या वाचनालयाला दिली. तिथे संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी म्हातारी माणसे आता सह्याद्री लावून बसतात.

नातू अजून हिंदी बोलतो, कन्नड तर आमच्यापेक्षा चांगले बोलतो. बोलू दे. पण रात्री आठ वाजता तो आजीच्या मांडीवर असतो आणि मालिकेत कुणी काही कट केला की आजीच्या आधी तोच ओरडतो, "आजी, ही बया खोटं बोलतीय!"

तेव्हा वाचकहो, केबल तोडायची तर जरूर तोडा. छत्री लावा, मोबाईलवर बघा, सुटे घ्या, ज्याला जे परवडेल ते करा. फक्त कात्री हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि आपल्या घरात दिवसाला किती मराठी येते ती आधी मोजा. पैसे किती वाचले ते आपल्याला पुढच्याच महिन्यात कळते. मराठी किती गेली ते कळायला सहा-सात महिने लागतात, आणि तेही एखादे पोर भूक लागल्यावर बोलते तेव्हा.