विमान सापडले नाही, समुद्राचा तळ सापडला

मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान ८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघाले. विमानात २३९ माणसे होती. त्यांत पाच भारतीय होते. तासाभराच्या आतच ते रडारच्या पडद्यावरून गेले. पुढे मलेशियाच्या लष्करी रडारवरून कळले, की विमान उलटे वळले आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे गेले. उपग्रहाशी त्याचा तासातासाने होणारा संपर्क सकाळी आठनंतर थांबला. त्या संकेतांचे गणित मांडल्यावर उत्तर आले, की विमान ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेकडच्या भागात पडले असावे.

ही हकीकत वाचकांना ठाऊक आहे. आम्हाला सांगायचे आहे ते त्यापुढचे. विमान शोधायला निघालेल्यांच्या हाती त्या समुद्राच्या तळाचा धड नकाशाच नव्हता.

आपल्याला वाटते, नकाशात समुद्र निळा दाखवला म्हणजे तो मोजलेला आहे. तसे नाही. चंद्राचा आणि मंगळाचा पृष्ठभाग आपल्याला पृथ्वीवरच्या समुद्रतळापेक्षा जास्त बारकाईने माहीत आहे. कारण सोपे आहे. प्रकाश आणि रेडिओलहरी पाण्यात फार खोल जात नाहीत. वरून फिरणारा उपग्रह तळ पाहू शकत नाही, तो फक्त पाण्याची पातळी मोजतो. तळाशी मोठा डोंगर असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पाणी किंचित त्याच्याकडे ओढले जाते. दोन हजार मीटर उंच डोंगरावर समुद्राची पातळी साधारण दोन मीटर वर आलेली असते. त्या फुगवट्यावरून खाली काय असेल याचा अंदाज बांधतात. त्यातून मोठे डोंगर कळतात, पण काही किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी निसटतात. विमानाचे तुकडे तर दूरच राहिले.

खरे मोजमाप करायचे तर जहाजच न्यावे लागते. पूर्वी खलाशी दोरीला शिशाचे वजन बांधून ती पाण्यात सोडत आणि किती वाव खाली गेली ते मोजत. किनाऱ्याजवळ ते ठीक होते, पण चार हजार मीटर खोलीवर एकेका मोजणीला काही तास जात. आता दोरीची जागा आवाजाने घेतली आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. जहाजातून सोडलेला आवाज चार किलोमीटर खाली आपटून परत यायला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. आजची यंत्रे एकाच वेळी पंख्यासारखे शेकडो आवाज सोडतात आणि जहाज पुढे सरकत असताना तळाचा रुंद पट्टा मोजत जातात. तरीही जहाज शेतातल्या नांगरासारखे ओळीने जायचे आणि वळून परत यायचे. घाई करून चालत नाही.

मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि चीन या तिघांनी मिळून शोध हाती घेतला तेव्हा आधी असा नकाशाच करावा लागला. त्याला दुसरेही कारण होते. अवशेष टिपणारे यंत्र कित्येक किलोमीटर लांब तारेने ओढत, तळापासून शंभर-दीडशे मीटर उंचीवरून न्यायचे होते. वाटेत अनोळखी डोंगर आला तर यंत्र त्यावर आदळणार. नकाशा करूनही एकदा तसे घडलेच. जानेवारी २०१६ मध्ये एक यंत्र तळापासून २,२०० मीटर उंच असलेल्या चिखलाच्या ज्वालामुखीला धडकले आणि तारेसकट तुटून खाली राहिले. पुढच्या महिन्यात ते वर काढले. त्या समुद्रात वारे असे, की पुष्कळदा लाटांपुढे काम बंद ठेवून बसावे लागे.

जहाजांनी सुमारे पावणेतीन लाख चौरस किलोमीटर तळ मोजला. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाखांच्या जरा वर आहे, एवढ्यावरून कल्पना यावी. त्या अंधारात पंधरा किलोमीटर लांब आणि दीड हजार मीटर उंच कडे निघाले. आपला कळसूबाई १,६४६ मीटरचा आहे. बाराशे मीटर खोल दऱ्या निघाल्या. ऑस्ट्रेलियाने हा सगळा नकाशा २०१७ मध्ये जगाला मोफत खुला केला.

विमान मात्र मिळाले नाही. दोन जुनी जहाजे मिळाली, एक लाकडी आणि एक लोखंडी. दोन्हींत कोळसा होता. ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयाच्या अभ्यासकांच्या मते लोखंडी जहाज बहुधा ‘वेस्ट रिज’ असावे. ते १८८३ मध्ये २८ खलाशांसह इंग्लंडहून हिंदुस्थानकडे येताना नाहीसे झाले होते. त्या खलाशांच्या घरच्यांनी किती वर्षे वाट पाहिली असेल कोण जाणे.

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांना ही वाट पाहणे परके नाही. तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या गलबतांवर आणि जहाजांवर गेले आहेत. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पती चार वर्षे बेपत्ता असेल तर पत्नीला न्यायालयातून निकाह संपवता येतो. कायद्याला चार वर्षे पुरतात. अम्मीला पुरत नाहीत. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर विमानाच्या पंखाचा तुकडा वाहून आला. तो एमएच ३७० चाच निघाला, तेव्हाही काही नातेवाइकांनी आशा सोडली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्यातले काही जण स्वतःच मादागास्करच्या किनाऱ्यावर तुकडे शोधत फिरले. पुढच्याच महिन्यात, १७ जानेवारी २०१७ रोजी, सरकारी शोध थांबवला गेला.

शोध यशस्वी होऊ शकतो याचा दाखला त्यांच्यासमोर होता. एअर फ्रान्सचे विमान जून २००९ मध्ये अटलांटिकमध्ये पडले, तेही जवळपास चार किलोमीटर खोल तळावर. एप्रिल २०११ मध्ये ते सापडले. पण त्या विमानाची शेवटची जागा ठाऊक होती. इथे तीच ठाऊक नव्हती.

आम्हाला खटकते ते हे, की समुद्राचा तळ मोजायला माणूस निघतो तो एकतर काही हरवल्यावर, नाहीतर काही मिळवायचे असल्यावर. भारताचेच पाहा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून बटाट्याएवढे धातूचे गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट यांचे ते गोळे. मध्य हिंदी महासागरात अशाच गोळ्यांसाठी भारताकडे आज ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा आहे आणि तो बारकाईने मोजलेला आहे. मोजणी झाली हे चांगलेच. पण तळाचा आकार कळणे किनाऱ्यावरच्या माणसालाही लागते. त्सुनामीची लाट कुठे वळेल आणि कधी पोहोचेल हे खालच्या चढ-उतारांवर ठरते. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि तिने इथेही जीव घेतले.

२०१७ पासून जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या मदतीने ‘सीबेड २०३०’ हा प्रकल्प सुरू आहे. जगभरच्या जहाजांनी केलेली मोजमापे तो एकत्र करतो. त्याच्या २०२५ च्या आकड्यांनुसार समुद्रतळाचा २७.३ टक्के भाग मोजून झाला आहे. एमएच ३७० शोधताना केलेला नकाशाही समुद्रतळाच्या या जागतिक नकाशात आहे.

एका खासगी कंपनीने २०१८ मध्ये आणखी एक लाख चौरस किलोमीटरहून जास्त तळ धुंडाळला, पण हाती काही आले नाही. मार्च २०२५ मध्ये मलेशिया सरकारने त्याच कंपनीशी नव्याने करार मंजूर केला. शोधायचे क्षेत्र पंधरा हजार चौरस किलोमीटर. विमान सापडले तर सात कोटी डॉलर, नाही सापडले तर एक पैसाही नाही.