लिलावापर्यंतचा रस्ता

जानेवारी 2021. राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचं मतदान दोन-तीन दिवसांवर आलं असताना राज्य निवडणूक आयोगाने दोन गावांची निवडणूक रद्द केली. एक, देवळा तालुक्यातलं उमराणे. दुसरं, नंदुरबारजवळचं खोंडामळी. दोन्हीकडे सरपंचपदाचा लिलाव झाला होता. बातम्यांनुसार खोंडामळीची बोली 42 लाखांवर गेली आणि उमराण्याची 2 कोटी 5 लाखांवर. त्या वेळी आमदारकीच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती 30 लाख 80 हजार!

उमराणे हे कांद्याचं बाजारगाव, लिलाव तिथे रोजचेच. पण इथे बोली पदाची लागली. पैसा मंदिरासाठी, म्हणून त्याचं समर्थनही झालं. तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला जाई. त्यामुळे बोली जिंकणाऱ्याची माणसं बिनविरोध यावीत म्हणून बाकीच्यांनी अर्ज मागे घ्यायचे, एवढंच उरतं. मतदाराला कुणी विचारतच नाही.

हे एका रात्रीत घडलेलं नाही. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यावर धरला. सरकारने लगेच कायदा बदलून तो वगळला. माझ्या मते खरी फट तिथे पडली. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात रंगवलेल्या भिंती आणि कर्णे आटोक्यात आले, पैसा मात्र मतदानाच्या आदल्या रात्रीवर गेला. 2009 च्या विधानसभेला महाराष्ट्रात ‘पेड न्यूज’ गाजली. पत्रकार पी. साईनाथ यांनी एकच मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत बातमी म्हणून छापून आल्याचं दाखवून दिलं. 2018 पासून निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचं नावच झाकलं. 15 फेब्रुवारी 2024 ला न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, पण तोवर मधली लोकसभा निवडणूक पार पडली होती.

वर हे चालू असताना खाली वाड्या-वस्त्यांवर पाकिटं रुळली. घरात किती मतं, त्यावर रक्कम. ‘लक्ष्मीदर्शन’ हा शब्द लोक हसत उच्चारतात, याचा मला संताप येतो. पूर्वी वाटणारा लपूनछपून यायचा. आता पाकीट आलं नाही तर घरचेच विचारतात, आमच्या गल्लीत का नाही आला?

गरीब माणूस पैसे घेतो म्हणून त्याच्यावर खापर फोडणं मला मान्य नाही. पाच वर्षांत त्याच्या हाती तेवढंच पडतं, हे त्याला ठाऊक असतं. पण घेतलेल्या पाचशेमुळे तो पुढे रस्त्याबद्दल, नळाबद्दल बोलत नाही आणि निवडून आलेलाही बिनधास्त म्हणतो, मत फुकट दिलं नव्हतंस. नुकसान इथे होतं.

कायद्याने लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, शिक्षा एक वर्षापर्यंत. पण तक्रार करायला कुणी पुढे येत नाही. म्हणून निवडणुकीची वाट पाहू नका. पुढच्या ग्रामसभेला जा आणि गावाला मिळालेल्या वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब सगळ्यांसमोर मागा.