दुसऱ्याचा चेहरा दिसू लागतो तेव्हा

‘मो दाओ झू शी’ या चिनी कादंबरीतला एक प्रसंग. शिकारीचा मोठा सोहळा चालू आहे. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून वेई वूश्यान रानात एका झाडाशी निवांत रेलला आहे. कोणीतरी जवळ येतं, त्याचे हात घट्ट धरून त्याला झाडाशी दाबतं आणि त्याचं चुंबन घेतं. पट्टी निघेपर्यंत ती व्यक्ती नाहीशी झालेली असते. थोड्या वेळाने वेईला लान वांगजी दिसतो. एरवी कमालीचा संयमी, नियमांचा पक्का असा हा माणूस त्या क्षणी मुठीने झाडावर घाव घालत असतो. तो स्वतःवरच संतापला आहे हे पुढे वाचकाला उमगतं. वेईला त्याचा पत्ताही नसतो.

आता याच कादंबरीवरची २०१९ सालची मालिका, ‘द अनटेम्ड’. शिकार तीच, काळी पट्टीही तीच. वेई ती बांधून बाण मारतो आणि सगळे थक्क होतात. पण झाडाशी दाबणं नाही, चुंबन नाही. त्याऐवजी दोघं समोरासमोर उभे राहून बोलतात. मला तू कोण समजतोस, असा प्रश्न येतो. एके काळी तुला मी जन्माचा जिवलग समजत होतो, असं वेई सांगतो. लानचं उत्तर इतकंच, की अजूनही तसंच आहे.

दोन्ही प्रसंग पाठोपाठ समोर ठेवले की नवल वाटतं. कादंबरीत एकाने दुसऱ्यावर काहीतरी लादलं. मालिकेत दोघांच्या मध्ये काहीतरी घडलं. चुंबन काढून टाकलं आणि तरी प्रेम वाढलं, हे कसं काय जमलं?

त्यासाठी आधी हे पाहायला हवं, की असले प्रसंग मुळात कथेत येतात कुठून. बीएल, म्हणजे ‘बॉइज लव’, या पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथा, बहुतांशी स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या. जपानमध्ये १९७० च्या दशकात मुलींच्या मांगा मासिकांतून त्यांची सुरुवात झाली. १९७६ मध्ये ताकेमिया केइको यांची ‘काझे तो की नो उता’ क्रमशः येऊ लागली, तेव्हा तिच्यात एका मुलावर होणारा अत्याचार होता, पण तो जखम म्हणूनच दाखवलेला होता. पुढे या कथांचा साचा पक्का झाला. एक पुढाकार घेणारा, एक स्वीकारणारा. पहिल्याचा तोल सुटतो, दुसरा आधी नको म्हणतो आणि मग प्रेमात पडतो. जपानी अभ्यासक मिझोगुची आकिको यांनी बीएलच्या उत्क्रांतीवर २०१५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. जबरदस्तीला प्रेमाचा अतिरेक म्हणून रंगवणं हा १९९० च्या दशकातल्या साच्याचा भाग कसा बनला आणि नंतरच्या लेखिकांनी तो कसा ओलांडला, हे त्यांनी दाखवलं आहे.

या वाचकांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. स्वतःची इच्छा बोलून दाखवायची नाही अशा शिकवणीत वाढलेल्या मुलींना, कोणीतरी आपल्यासाठी वेडापिसा व्हावा ही कल्पना दुसऱ्याच्या, तेही पुरुषाच्या, देहावर सुरक्षितपणे जगता येत होती. गरज खरी होती. तिच्यासाठी उचललेलं साधन मात्र सदोष होतं, आणि साचा एकदा रुळला की लिहिणाऱ्याचा हात आपोआप तिकडे वळतो.

आता कागद आणि कॅमेरा यांतला फरक बघा. कादंबरीत लेखक आपल्याला ज्याच्या मनात नेऊन बसवतो, त्याची बाजू आपली होते. त्याची तगमग, त्याची वर्षानुवर्षांची घुसमट आपण आतून अनुभवतो, आणि समोरचा माणूस धूसर होत जातो. मांगात चित्रकार समोरच्याच्या गालांवर लाली चढवतो, मागे फुलं उधळतो, आणि त्याचीही इच्छा होती हे आपल्याला परस्पर कळवून टाकतो. जिवंत नटाच्या बाबतीत ही सोय नाही. एका चौकटीत दोन खरी माणसं उभी राहतात. दाबलेल्या मनगटाची शीर दिसते. मागे सरकणारा खांदा दिसतो. दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसतात, आणि दिग्दर्शकाची इच्छा असो वा नसो, नट विचारतोच, की या क्षणी माझ्या पात्राला काय हवं आहे? कादंबरीने जो प्रश्न टाळला, त्याचं उत्तर चित्रीकरणाच्या दिवशी कोणाला तरी द्यावंच लागतं.

‘द अनटेम्ड’मध्ये हे उत्तर श्याओ झान आणि वांग यीबो यांनी मुख्यतः डोळ्यांनी दिलं. वांग यीबोचा लान पन्नास भागांत फार थोडं बोलतो. वेई खोड्या काढतो तेव्हा त्याची नजर किंचित खाली जाते, वेई संकटात असतो तेव्हा ती हलतच नाही. आपण ती नजर वाचायला शिकतो, आणि वेईला ती वाचता येत नाही याची चुटपुट लागते. कादंबरीत जे चुंबनातून एकदाच फुटलं, ते इथे थेंबाथेंबाने साठत जातं.

सुधारणा एवढ्यावर थांबत नाही. मो श्यांग थोंग श्यू यांच्या कादंबरीत वेई दुसऱ्या माणसाच्या देहात परत येतो, आणि लानने आपल्याला हाकलून द्यावं म्हणून समलैंगिक असल्याचं आचरट सोंग आणतो. त्यावरचे विनोद वाचताना अंगावर काटा येतो, कारण हसं ज्यांचं होतं त्यांच्याच प्रेमाची ही कथा आहे. मालिकेत हे सोंग जवळपास गळून पडलं. स्त्रियांनाही जागा मिळाली. मूळ कथेत थोडा वेळ येऊन जाणारी वैद्य वेन छिंग मालिकेत सुरुवातीलाच, तरुण शिष्यांच्या शिक्षणाच्या दिवसांत, भेटते. भावासाठी आणि आपल्या माणसांसाठी ती काय काय पणाला लावते हे आपण टप्प्याटप्प्याने बघत जातो, त्यामुळे पुढे तिच्या वाट्याला जे येतं ते जिव्हारी लागतं.

हे सगळं चीनमधल्या सेन्सॉरशिपच्या कात्रीत घडलं हे सांगायलाच हवं. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘अ‍ॅडिक्टेड’ ही वेब मालिका शेवटचे भाग दाखवण्याआधीच संकेतस्थळांवरून उतरवली गेली होती. दोन पुरुषांचं प्रेम पडद्यावर उघड दाखवायला मनाई होती, म्हणून ‘द अनटेम्ड’मधून नको असलेलं चुंबन गेलं तसं हवं असलेलंही गेलं. कादंबरीच्या शेवटी दोघं उघडपणे एकमेकांचे होतात; मालिकेत ते सूचित होतं. या कात्रीचे आभार मानायची माझी तयारी नाही. कापल्याने कथा सुधारत नसते. कापल्यावर उरलेल्या जागेत पटकथाकारांनी आणि नटांनी काय भरलं, श्रेय त्याचं आहे.

शिवाय सगळीच साफसफाई हिताची नसते, याचा पुरावाही याच मालिकेत सापडतो. कादंबरीत वेईचा ताबा सुटतो आणि त्याच्या हातून भयंकर हत्या घडतात. मालिकेत लपून बासरी वाजवणारा दुसराच कोणीतरी त्यामागे निघतो. नायक निष्कलंक झाला आणि कथेचं वजन घटलं. जबरदस्तीला प्रेम म्हणणं हा मूळ कथेचा दोष होता. चांगल्या माणसाकडून अक्षम्य चूक होणं हे तिचं बळ होतं. रूपांतर करणाऱ्याला या दोहोंतला फरक ओळखता यावा लागतो, आणि इथे तो एकदा ओळखला गेला, एकदा निसटला.

जपानमध्ये असली कात्री नव्हती, आणि तिथे हाच प्रश्न फार गोड रीतीने सुटला. तोयोता यू यांच्या मांगावरून २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टीव्ही टोकियोवर ‘चेरी मॅजिक’ ही बारा भागांची मालिका मध्यरात्रीनंतरच्या वेळेत सुरू झाली. तिशी गाठेपर्यंत कोणाशीही शरीरसंबंध न आलेल्या आदाचीला स्पर्शातून दुसऱ्याचं मन ऐकू येऊ लागतं. गर्दीच्या लिफ्टमध्ये कार्यालयातला देखणा, हुशार सहकारी कुरोसावा त्याला टेकतो, आणि आदाचीला कळतं, की हा आपल्यावर जीव टाकतो.

जुना साचा असता तर यापुढे कुरोसावाने भान हरपायचं. माचिदा केइताचा कुरोसावा मनात आनंदाने उड्या मारत असतो आणि हात मात्र स्वतःपाशी ठेवतो. आतला आवाज धावतो, चेहरा शांत राहतो, आणि या अंतरातच त्याचं प्रेम दिसतं. कार्यालयातल्या मेजवानीत खेळाचा हुकूम म्हणून त्याला आदाचीचं चुंबन घ्यायला सांगतात. आदाची घाबरलेला आहे. कुरोसावा ओठ टेकवतो ते कपाळावर, आणि नंतर बाहेर येऊन त्याची माफी मागतो. आदाची सांगतो, की तितकंसं वाईट वाटलं नाही. ज्याला दुसऱ्याचं मन ऐकू येतं तो आदाची. पण समोरच्याची भीती ओळखतो तो कुरोसावा, कोणत्याही जादूशिवाय.

आणि मग फुजिसाकी. मांगात आदाचीची ही सहकारी बीएलची चाहती आहे, दोघांना बघून मनोमन खूश होणारी. मालिकेने तिला वेगळं मन दिलं. तिच्यापाशी येणारा प्रत्येक जण लग्नाबद्दल, प्रेमाबद्दल विचारतो आणि ती हसून वेळ मारून नेते. तिचं मन आदाचीला ऐकू येतं तेव्हा कळतं, की तिला प्रेमात पडावंसंच वाटत नाही, आणि ती तशी सुखात आहे. मालिका तिला बदलायला जात नाही. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथेत, प्रेम नको असलेल्या बाईलाही तितकीच मानाची जागा मिळाली.

या मालिकेच्या पटकथाकार योशिदा एरिका यांनी २०२२ मध्ये एनएचकेसाठी ‘कोइसेनु फुतारी’ लिहिली. प्रेमाचं किंवा शरीराचं आकर्षण न वाटणारे दोघं एका घरात राहून कुटुंब म्हणजे काय ते आपल्यापुरतं शोधतात, अशी ती कथा. तिला मुकोदा कुनिको पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये त्यांनी एनएचकेची सकाळची मालिका ‘तोरा नि त्सुबासा’ लिहिली, जपानमधल्या पहिल्या स्त्री वकिलांपैकी एकीच्या आयुष्यावर बेतलेली. देशभर न्याहारीच्या वेळी पाहिल्या जाणाऱ्या या मालिकेत नायिकेचा मित्र तोदोरोकी हा वकील आहे, आणि त्याचं आपल्या पुरुष मित्रावर प्रेम होतं.