टॅब घ्यावा, पण उन्हात पारखून

सातबारा, ई-पीक पाहणी, हवामान सल्ला, बाजारभाव अशी शेतीची बरीचशी कामे आता पडद्यावर आली आहेत. मोबाइलवरील बारीक अक्षरे वाचताना चाळिशी ओलांडलेल्या शेतकऱ्यांची ओढाताण होते. म्हणून आठ-नऊ इंची, बेताच्या किमतीचा टॅब घेण्याकडे कल वाढला आहे. असा टॅब साधारणपणे बारा ते सोळा हजार रुपयांच्या घरात जातो. एवढ्या पैशात पाठीवरचे तीन-चार बॅटरी पंप येतात. मोबाइल चांगला चालत असेल आणि नजर साथ देत असेल, तर टॅबची घाई करू नये.

घ्यायचाच झाल्यास मध्यम आकार शेतकऱ्यास सोयीचा पडतो. उदाहरणादाखल, २०२३ साली बाजारात आलेला सॅमसंगचा गॅलक्सी टॅब ए-९ पाहू. पडदा ८.७ इंच, वजन सुमारे ३३२ ग्रॅम. साडेसहा इंची मोबाइलच्या मानाने पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, तरीही एका हातात मावतो. दहा-अकरा इंची टॅब घरी मुलांच्या अभ्यासाला बरा, पण बांधावर एका हातात धरून फोटो काढणे अवघड जाते.

जीपीएस आहे काय?

दुकानात रंग, आवाज, सिनेमा दाखवतात. शेतकऱ्याने पहिला प्रश्न जीपीएसचा विचारावा. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो शेतात उभे राहून, अक्षांश-रेखांशासह घ्यावा लागतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या काही स्वस्त टॅबमध्ये जीपीएस नसतेच. ते आजूबाजूच्या वाय-फाय जाळ्यांवरून ठिकाणाचा अंदाज बांधतात. शहरात हा अंदाज जमतो, शिवारात मात्र तशी जाळी नसल्याने ठिकाण चुकते किंवा मिळतच नाही. खरेदीपूर्वी टॅब दुकानाबाहेर मोकळ्या आकाशाखाली न्यावा, वाय-फाय बंद करावे आणि नकाशात आपण उभे आहोत तीच जागा दिसते काय ते पाहावे. दोन-चार मिनिटे थांबूनही जागा मिळाली नाही, तर तो टॅब शेतीच्या कामाचा नाही.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. जीपीएस चांगले असले तरी काही मीटरचा फरक पडतोच. त्यामुळे टॅबवर मोजलेल्या क्षेत्रावरून बियाणे व खताचा अंदाज बांधता येईल, पण बांधाचा वाद सुटणार नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते.

बाहेर आलोच आहोत तर त्याच वेळी पडद्याचीही परीक्षा करावी. आपला सातबारा पीडीएफ स्वरूपात उघडून भर उन्हात वाचून पाहावा. चकचकीत काचेत आपलाच चेहरा दिसत असेल आणि पूर्ण उजेड करूनही गट क्रमांक वाचता येत नसेल, तर दुसरा टॅब मागावा. पडदा थोडा तिरपा धरूनही पाहावे. हलक्या प्रतीच्या पडद्यावर बाजूने अक्षरे फिकट दिसतात.

कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे यापेक्षा त्यात ऑटोफोकस आहे की नाही हे महत्त्वाचे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात प्रथम आढळली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी खूण आणि शेपटाकडील दुसऱ्या खंडावर चौकोनात चार ठिपके असतात. या खुणा फोटोत स्पष्ट आल्या, तरच तज्ज्ञाला दुरून ओळख पटवता येते. फोटो पुसट आल्यास निदान चुकते आणि नको त्या औषधाची फवारणी होऊन खर्च वाया जातो. दुकानात काडेपेटीवरील बारीक अक्षरांचा दहा-बारा सेंटिमीटरवरून फोटो काढावा. अक्षरे नीट वाचता आली तर कॅमेरा कामाचा समजावा.

स्मृती किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण अशी असावी. ‘वाढीव रॅम’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो साठवणीतलाच भाग उसना घेतलेला असतो व तो खऱ्या रॅमपेक्षा मंद चालतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. मेमरी कार्डाची सोय मात्र अवश्य पाहावी.

सिमकार्डाचा टॅब महाग पडतो. मोबाइलचे हॉटस्पॉट वापरता येत असेल, तर वाय-फायचा टॅब चालेल, अर्थात जीपीएसची खात्री करूनच. ओटीपी आपल्या नोंदलेल्या क्रमांकावरच येतो, त्यामुळे मोबाइल जवळ ठेवावाच लागतो.

उष्णता व पाणी

वर उल्लेखिलेल्या टॅबची बॅटरी ५१०० मिलिअँपिअर-तासांची आहे. ती पूर्ण भरण्यास विजेच्या एका युनिटचा जेमतेम चाळिसावा भाग लागतो, म्हणजे बिलाची चिंता नाही. भारनियमनाच्या गावी दहा हजारांची पॉवर बँक ठेवल्यास टॅब एकदा पूर्ण भरून थोडी शिल्लक उरते.

खरा धोका उन्हाचा आहे. अशी उपकरणे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावीत, असे बहुतेक उत्पादक सांगतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तापलेला टॅब आपोआप पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि बॅटरीचे आयुष्य कमी होते ते वेगळेच. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बंद गाडीत टॅब ठेवू नये. कामे सकाळी उरकावीत, तापल्यास सावलीत ठेवावा, गार पाण्याच्या फडक्यात गुंडाळू नये.

या किमतीतील बहुतेक टॅबना पाण्यापासून संरक्षण नसते. ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही. फवारणी सुरू असताना टॅबला हात लावू नये. हातावरचे औषध काचेवर लागते आणि संध्याकाळी तोच टॅब मुले हाताळतात. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच वापरावा. काच किंचित ओलसर मऊ कापडाने पुसावी.

पैसे देण्यापूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी त्या कंपनीचे सेवा केंद्र आहे काय, नवी बॅटरी व काच तेथे बसवून मिळते काय आणि सुरक्षाविषयक सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार आहेत, हे विचारून घ्यावे. चार्जर डब्यात नसल्यास त्याची किंमत हिशेबात धरावी. बिलावर टॅबचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.